सिव्हिलसाठी परदेशात यायचं तर नोकरी कुठे करणार ते आधी ठरवा

मी जर्मनीत शिकते, आणि परवा गोव्यातल्या डिचोलीहून मामींचा फोन होता. मुलगी बारावीला आहे, तिच्या डोक्यात सिव्हिल इंजिनीअरिंग बसलंय, मग थेट जर्मनीलाच पाठवू का? ‘तिथे फी नसते ना गं?’ हा पुढचा प्रश्न.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपबाहेरच्यांकडून सेमिस्टरला 1500 युरो घेतं, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी लावली आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात. शेजारच्या घरात पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर ते युरोपचे नागरिक, त्यांना यातलं काहीच नाही. त्यांचा हिशेब आपल्याला लावू नये, आणि नुसत्या फीसाठी भारताचं नागरिकत्व सोडावं असं मला तरी वाटत नाही.

खरी अडचण पैशांची नाहीच. नुसत्या बारावीवर इथे थेट बॅचलरला घेत नाहीत. जेईई ॲडव्हान्स्ड पास हवी, नाहीतर भारतात इंजिनीअरिंगचं एक वर्ष पूर्ण केलेलं हवं. तेही नसेल तर आधी स्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा कोर्स. त्यात सिव्हिलचं बॅचलर जवळजवळ सगळीकडे जर्मनमधूनच असतं. इंग्रजीतले कोर्स मास्टर्सला मिळतात.

कॉम्प्युटरवाल्याचा प्रोग्राम पणजीत चालतो तसाच बर्लिनमध्येही चालतो. सिव्हिलचं तसं नाही. फर्मागुढीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आम्ही आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक, वाचून स्लॅब काढायचो, स्लॅबचं स्वतःचं वजन असो की त्यावरचा भार, दोन्हीला सरसकट 1.5 ने गुणायचं. इथे युरोकोडमध्ये, म्हणजे युरोपच्या मानकात, वजनाला 1.35 आणि भाराला 1.5. गणित तेच, पण नियम वेगळे, माती वेगळी, आणि साइटवरचा मुकादम इंग्रजीत एक अक्षर बोलत नाही. म्हणून ज्या देशात काम करायचं तिथली डिग्री घ्यावी, हे माझं मत. ब्रिटनला जायचं असेल तर तीन वर्षांचं बीईंग (BEng) की चार वर्षांचं एमईंग (MEng), हे आधीच बघा. चार्टर्ड इंजिनीअर हा तिथला अधिकृत दर्जा मिळवायला नुसतं बीईंग पुरत नाही, पुढे आणखी शिकावं लागतं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेचा विचार असेल तर वॉशिंग्टन अकॉर्ड बघा, एकमेकांच्या इंजिनीअरिंग डिग्र्या मानायचा देशादेशांतला करार. भारत 2014 पासून त्यात आहे, पण आपला कोर्स एनबीएची, म्हणजे कोर्स तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, टियर-1 मान्यता असलेला हवा. जर्मनी त्या करारात नाही.

मग मी इथे का आले? ड्रेस्डेन शहरासाठी. सप्टेंबर 2024 मध्ये इथल्या कारोला पुलाचा एक भाग पहाटे नदीत कोसळला. काही मिनिटांपूर्वीच त्यावरून ट्राम गेली होती, कोणाला इजा झाली नाही हे नशीब. कारण निघालं ते काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारांना आतल्या आत लागलेल्या गंजाचं. गोव्यातल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. मांडवीवरचा जुना नेहरू पूल 1986 च्या जुलैत असाच तारा गंजून पडला होता. पुढे कित्येक वर्षं लोक फेरीने ये-जा करत होते, बाबा अजून सांगतात.

याच शहरात पोलादाऐवजी कार्बनच्या जाळीवर काँक्रीट ओततात. कार्बन गंजत नाही, त्यामुळे काँक्रीटचं जाड आवरण लागत नाही आणि भिंत बारीक होते. विद्यापीठाच्या आवारात ‘क्यूब’ नावाची आख्खी इमारत अशी उभी आहे. तिची जाळी हातात घेतली तर मच्छरदाणीच्या जाड कापडासारखी वाटते. महाग आहे, आणि आपल्याकडे कधी परवडेल सांगता येत नाही. पण खाऱ्या वाऱ्यात ज्यांचे स्लॅब दहा-पंधरा वर्षांत फुगून सळ्या बाहेर येतात, त्यांनी हे शिकायला नको तर कोणी?

मामींना मी सांगितलं, तिला आधी फर्मागुढीचा फॉर्म भरू दे. बीई करता करता संध्याकाळी जर्मनचा क्लास लाव, बी 1 या मधल्या पातळीपर्यंत तरी, मास्टर्सला इकडे यायचं तर उपयोगी पडेल. सुट्टीत एखाद्या कंत्राटदाराकडे साइटवर उभी राहू दे, इथल्या बऱ्याच विद्यापीठांना तसा अनुभव बॅचलरच्या मुलांकडूनही लागतो. मामी म्हणाल्या, ‘साइटवर? उन्हात?’ म्हटलं, मामी, सिव्हिल आहे हो.