आमची वाटचाल : बर्फाच्या टाक्या आणि जोत्याची उंची

आम्ही बर्फ विकत नाही. बर्फाच्या फॅक्टरीला जे लागतं ते बनवतो: ब्राइनच्या म्हणजे गार खाऱ्या पाण्याच्या टाक्या, त्यात बुडवून लादी गोठवायचे पत्र्याचे कॅन, अमोनिया वायू थंड करणारे कंडेन्सर. वडील बडोद्यातल्या एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) छोटी शेड घेतली. पहिली गिऱ्हाइकं आणंद आणि खेडा भागातली, दूध थंड करणारी. पैसे वेळेवर यायचे, पण काम वाढत नव्हतं.

समुद्राकडे वळलो ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या जाफराबादच्या, बर्फाची फॅक्टरी असलेल्या एका शेठमुळे. खाऱ्या हवेत त्यांचे कॅन दर मोसमात गंजून गळायचे. वडिलांनी पत्रा जाड घेतला, जोड बाहेरून घातले आणि गॅल्व्हनायझिंगवर, म्हणजे जस्ताच्या लेपावर, काटकसर केली नाही. शेठ वडिलांना ‘भाऊ’ म्हणायचे, अख्खा किनारा मग तेच म्हणू लागला. वेरावळ, राजपरा, नवाबंदर, कोडिनार, सगळीकडे. कोडिनार तर जुन्या बडोदे संस्थानाचाच तालुका. मी तिकडे निघालो की आजी म्हणायची, “जा, आपल्याच मुलखात जातोयस.”

मासेमारीच्या बंदरावर बर्फाची फॅक्टरी गावात आत नेऊन चालत नाही. बोटीला जाण्याआधी बर्फ भरायचा असतो, परत आली की मासळी लगेच बर्फात जायला हवी. लादी लांबून आणली तर वाटेतच पाणी. म्हणून फॅक्टरी, लिलावाची शेड, जाळी दुरुस्तीची जागा, सगळं धक्क्याला चिकटून. आणि पहिला फटका बसतो तोही त्यालाच.

१७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ दीवच्या जवळ जमिनीवर आलं. वारा ताशी १६०-१७० किलोमीटर. रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही गेलो तेव्हा राजुला-जाफराबाद पट्ट्यात वीज नव्हती, बोटी एकमेकींवर चढल्या होत्या. फॅक्टऱ्यांची छपरं उडालेली. टाकी अर्धी जमिनीत गाडलेली असते. तिच्या भोवतीच्या थर्मोकोलमध्ये गाळ आणि पाणी शिरलं की ते उन्हात वाळवून परत वापरता येत नाही, उकरून फेकावंच लागतं. कॉम्प्रेसर ओतीव लोखंडाचे, ते टिकले. मोटारी आणि विजेचे पॅनेल मात्र बुडाले.

हिशेब साधा होता. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेवढ्यात फॅक्टरी उभी राहिली तर नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोटींना बर्फ मिळतो, नाहीतर मोसमाची सुरुवात गेली. आमच्याकडे माणसं होती, पत्रा होता. अडलं ते कागदावर.

किनाऱ्यावरच्या बांधकामाचा नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. २०१९ ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना मी ओळ न् ओळ वाचली आहे, धंद्यासाठी वाचावी लागली. ग्रामीण किनाऱ्याच्या ‘ना विकास’ पट्ट्यातही स्थानिक मच्छीमारांसाठी बर्फाचा कारखाना, लिलावाचं आवार, मासळी सुकवायची जागा यांना ती परवानगी देते. मोडलेलं पुन्हा बांधता येतं. अट एवढीच की मूळ बांधकाम अधिकृत हवं, आणि जोत्याचं क्षेत्रफळ, एफएसआय (जागेच्या प्रमाणात एकूण बांधकाम), घनता वाढता कामा नये. गोम इथेच आहे. वाडवडिलांपासून उभ्या असलेल्या शेडचा अधिकृत कागद कुठून आणायचा? वीजबिल दाखवा, ग्रामपंचायतीची पावती दाखवा, तरी टेबलापलीकडचा माणूस मान हलवतो. दुसरं, पॅनेल आणि मोटारी वर न्यायच्या म्हटलं तर माळा काढावा लागतो, आणि माळा म्हणजे वाढीव एफएसआय. म्हणजे जे जिथे बुडालं तिथेच परत ठेवा! जोत्याची उंची वाढवायला अधिसूचनेत मनाई नाही, क्षेत्रफळाला आहे. पण एका कचेरीत ‘पूर्वीप्रमाणेच’ याचा अर्थ उंचीसकट लावला गेला आणि आमच्या गिऱ्हाइकाची फाइल पावसाळाभर तिथेच राहिली.

त्याच अधिसूचनेत पर्यटकांच्या तात्पुरत्या झोपड्यांना भरतीरेषेपासून दहा मीटरवर जागा आहे. असू दे. पण मग पाण्यावर पोट असणाऱ्याच्या जुन्या शेडला निदान तेवढी माया हवी. सूट सरसकट मात्र नको. मच्छीमाराच्या नावावर सवलत घेऊन तिथे हॉटेल काढणारे कमी नाहीत. तोच वापर, तेवढीच जागा, उंची मोकळी, आणि यंत्रांचा माळा एफएसआयच्या बाहेर: एवढं केलं तरी पुरे. पुतण्या बॉस्टनला असतो. तिकडे अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यात १० आणि १३ जानेवारी २०२४ ला लागोपाठ दोन वादळांनी लॉबस्टर (शेवंड) पकडणाऱ्यांचे धक्के मोडले, आणि त्यानंतर धक्के उंच करून बांधता यावेत म्हणून तिथल्या विधिमंडळाने नियम सैल केले, असं त्याने कळवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी बडोद्यात घराघरांत शिरली, तेव्हा पाणी ओसरताच लोकांनी मीटर आणि स्विचबोर्ड छातीच्या वर नेले. कोणाला विचारायला गेलं का कोणी?

आम्ही आमच्यापुरती वाट काढली. आता टाकी गाडत नाही, काँक्रीटच्या पायांवर उभी करतो. पॅनेलसाठी माळा न घालता अँगलचा स्टँड देतो. तो यंत्राचा भाग धरला जातो, मजला नाही. उष्णता थोडी जास्त शिरते म्हणून इन्सुलेशन जाड लागतं आणि किंमत वाढते. घासाघीस होते, पण ज्याने २०२१ पाहिलं आहे तो शेवटी हो म्हणतो.

कोटेशनसोबत आम्ही हल्ली कागदांची यादीही देतो. वीजजोडणीचं जुनं पत्र, पंचायतीचा ठराव, जोत्याची मापं घातलेले फोटो. हे घरात नको, वादळाआधीच दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. ज्यांची यादी पुरी नाही त्यांच्याकडून ॲडव्हान्स घेत नाही. मुलाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, बाबा, आपण टाक्या बनवतो की वकिली करतो? सध्या दोन्ही.