एकाच माणसाच्या दोन अपॉइंटमेंट

दवाखान्याच्या अ‍ॅपमधला अपॉइंटमेंट घेण्याचा भाग आमच्या टीमच्या मते तयार झाला होता. डॉक्टर निवडा, तारीख निवडा, वेळ निवडा, नाव आणि मोबाइल नंबर भरा, 'नक्की करा' दाबा. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पायऱ्यांचा तो क्रम, म्हणजे फ्लो, इतका सुटसुटीत दिसायचा की त्यात काही राहून गेलं असेल, असं कुणालाच वाटत नव्हतं. मी टीममध्ये अगदी नवी, युआय-युएक्सचा, म्हणजे स्क्रीन आणि त्यांचा वापर डिझाइन करण्याचा, कोर्स नुकताच संपवून आलेली. युजर टेस्टिंगच्या, म्हणजे वापरकर्त्यांच्या हाती ते देऊन पाहण्याच्या, दिवशी माझ्याकडे एकच काम होतं, नोंदी घेण्याचं.

सत्र घेणाऱ्या आमच्या सीनियर ताईंनी आधीच बजावलं होतं, 'समोरचा माणूस काय म्हणतो ते लिहीच, पण त्याआधी तो काय करतो ते लिही. आणि मध्ये अजिबात बोलायचं नाही.' म्हणून वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारून मी दोन रकाने केले. डावीकडे 'केलं', उजवीकडे 'म्हणाले'.

पहिले आले ते साठीच्या आसपासचे एक काका. फोन रोज वापरणारे, बिलं फोनवरूनच भरणारे. ताईंनी त्यांना म्हटलं, 'काका, आज परीक्षा तुमची नाही, या अ‍ॅपची आहे. मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा.' असं बोलत-बोलत काम करायला लावण्याची पद्धत आमच्या क्षेत्रात आणली ती क्लेटन लुईस यांनी, १९८२ मध्ये, आयबीएममध्ये असताना. कोर्समध्ये ती एका ओळीत उरकली होती. समोर बसून पाहिल्यावर कळलं की माणूस बोलायचा थांबतो तिथे कान टवकारायचे. सगळं सुरळीत चाललं असतं तेव्हा तो बडबडत असतो. अडला की गप्प होतो.

काकांनी डॉक्टर निवडले, तारीख निवडली, अकराची वेळ निवडली. नाव, नंबर भरला. 'नक्की करा' दाबलं. इथपर्यंत ते अखंड बोलत होते.

पुढचे दोन-तीन क्षण मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते. बटण दाबताच कीबोर्ड खाली गेला, पान झर्रकन वर सरकलं आणि फॉर्म पुन्हा कोरा झाला. त्याच वेळी स्क्रीनच्या तळाशी काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत संदेश आला, 'तुमची अपॉइंटमेंट नोंदवली आहे'. याला टोस्ट म्हणतात. अँड्रॉइडवर छोटा टोस्ट साधारण २ सेकंद राहतो, मोठा साडेतीन. आमचा छोटा होता. काकांचा अंगठा नेमका त्या पट्टीच्या वर होता आणि नजर पानाबरोबर वर गेली होती. अंगठा हलला तोवर पट्टी विरली होती.

डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते फार थोडं. नजरेच्या मधले जेमतेम दोन अंश. फोन फूटभर अंतरावर धरला तर तो भाग भरतो सुमारे एक सेंटीमीटर. बाकी स्क्रीन डोळ्यांपुढे असते, पण वाचली जात नाही, आणि जिथे हालचाल होते तिकडे नजर आपसूक ओढली जाते. त्या वेळी सगळी हालचाल वर होती, निरोप खाली होता.

काका गप्प झाले. कोऱ्या फॉर्मकडे पाहत राहिले. ताईंनी हलकेच विचारलं, 'आत्ता मनात काय चाललंय?'

'काही नाही, माझ्याकडून बटण नीट दाबलं गेलं नाही बहुतेक.' आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. डॉक्टर तेच, तारीख तीच. वेळा उघडल्या तर अकराची वेळ करडी झालेली. 'अरे! तेवढ्यात घेतली कुणीतरी,' ते म्हणाले. 'चला, साडेअकरा तर साडेअकरा.'

ती वेळ त्यांनीच घेतली होती. 'काका, ती तुमचीच आहे' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ताईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. डाव्या रकान्यात मी लिहिलं, 'दुसऱ्यांदा नोंदणी, वेळ बदलून'. उजव्या रकान्यात त्यांचं वाक्य जसंच्या तसं. या वेळी पट्टी त्यांना दिसली, अर्धीमुर्धी, आणि ते खूश झाले. शेवटी ताईंनी विचारलं, 'कसं वाटलं वापरताना?' 'छान आहे की. सोपं आहे.'

हे 'छान आहे' मी लिहून घेतलं तेव्हा दोन्ही रकाने शेजारी-शेजारी पाहून मला भरून आलं. एक माणूस प्रामाणिकपणे सांगतोय की सोपं आहे, आणि त्याच माणसाच्या नावावर एकाऐवजी दोन वेळा अडकून पडल्यात. त्यातली एक वेळ दुसऱ्या कुठल्या तरी रुग्णाला मिळायला हवी होती. आणि दोष त्यांनी घेतला तो स्वतःच्या बोटांवर. आम्ही फक्त प्रश्नावली पाठवली असती तर काकांकडून चांगले गुण मिळवून मोकळे झालो असतो.

त्या दिवशीच्या बाकीच्या लोकांमध्ये आणखी दोघांनी फॉर्म पुन्हा भरायला घेतला. एका बाईंनी फोनमधली अक्षरं बरीच मोठी करून ठेवली होती. त्यांच्याकडे 'नक्की करा' हे बटण वर-खाली कापलं गेलं, कारण बटणाची उंची आम्ही पक्की बांधून ठेवली होती. देवनागरीत मात्रा आणि वेलांट्या वरच्या अंगाला, उकार खालच्या, त्यामुळे जागा कमी पडली की पहिला घाव त्यांच्यावरच पडतो. अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी केली तरी मजकूर आणि काम शाबूत राहावं, असं वेब सुलभतेच्या निकषांत स्पष्ट म्हटलंय. ते दुरुस्त करणं सोपं होतं, उंची मोकळी सोडली की झालं. टोस्टचं काम तेवढ्यावर भागणार नव्हतं.

संध्याकाळच्या बैठकीत डेव्हलपर दादांनी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. एकाच नंबरावर अकरा आणि साडेअकरा, दोन्ही हजर. त्यांचं म्हणणं सरळ होतं, 'टोस्ट तर येतोय. साडेतीन सेकंदांचा करू, रंग गडद करू.' ताई म्हणाल्या, 'ज्या जागेकडे कुणी बघतच नाही तिथे तो दहा सेकंद ठेवला तरी काय फरक पडणार?' मग दादांनी दुसरा मुद्दा काढला, 'पण पाचच माणसं होती. पाच जणांवरून काय ठरवायचं?'

हा प्रश्न रास्त आहे आणि नवशिक्याला पडायलाच हवा. जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेला हिशोब असा, की त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. त्या दरानं पाच जणांत साधारण ८५ टक्के उघड होतात. पण अडचण उघड होणं वेगळं आणि ती किती लोकांना येते हे मोजणं वेगळं. पाचातल्या तिघांना आली म्हणून ६० टक्के वापरकर्त्यांना येते, असं म्हणता येत नाही. ताईंनी टक्केवारीचं नावही काढलं नाही. त्यांनी काकांचं रेकॉर्डिंग लावलं आणि 'तेवढ्यात घेतली कुणीतरी' या वाक्यावर थांबवलं. दादा स्वतः म्हणाले, 'ठीक आहे, टोस्टऐवजी पूर्ण पान करू.'

नील्सनच्या इंटरफेस डिझाइनच्या दहा तत्त्वांतलं पहिलंच तत्त्व हे, की आत काय चाललंय ते प्रणालीनं वापरणाऱ्याला सतत आणि वेळेवर कळवावं. मला ते तोंडपाठ होतं. आमच्या चेकलिस्टमध्येही त्यापुढे बरोबरची खूण होती, कारण टोस्ट होता. अशा चेकलिस्टवर माझा आता फारसा भरवसा नाही. संदेश पाठवला का, असं ती विचारते. पोहोचला का, हे पाहायला माणसासमोर बसावं लागतं.

नव्या पानाचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. वर ठळक मथळा, 'अपॉइंटमेंट नक्की झाली'. हिरवी खूण ठेवली, पण तिच्या जोडीला शब्द, कारण एकट्या रंगावर अर्थ सोपवला की लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांना तो मिळत नाही. तारखेसोबत वार, कारण चुकीची तारीख निवडली गेली असेल तर ते आकड्यापेक्षा वारावरून लवकर लक्षात येतं. रद्द करण्याची खिडकी मी लिहायला घेतली आणि तिथे बराच वेळ गेला. 'अपॉइंटमेंट रद्द करायची?' या प्रश्नाखाली 'ओके' आणि 'रद्द' अशी बटणं असतील तर 'रद्द' दाबल्यावर नेमकं काय रद्द होणार? शेवटी 'हो, रद्द करा' आणि 'नको, राहू द्या' ठेवलं.

दुसऱ्या नोंदणीचा प्रश्न उरला होता. एका नंबरावर एका दिवशी एकच वेळ, असा नियम दादांना चुटकीसरशी करता आला असता. पण घरात एकाच फोनवरून आईची, मुलाची, दोघांचीही वेळ घेतली जाते. म्हणून अडवायचं नाही, विचारायचं असं ठरलं. 'या नंबरावर आज अकराची वेळ आधीच घेतलेली आहे. आणखी एक हवी आहे का?' काकांना ही एक ओळ दिसली असती तर ते तिथेच थांबले असते.

पुढच्या फेरीत नवं पान घेऊन आम्ही पुन्हा बसलो. फॉर्म दुसऱ्यांदा भरायला कुणी गेलं नाही. पण जवळपास प्रत्येकानं त्या पानावर येताच एक गोष्ट केली, जी आमच्या फ्लोमध्ये कुठेच नव्हती. त्यांनी स्क्रीनशॉट काढला. आणि आमचा दवाखान्याचा पत्ता होता खाली, स्क्रोल केल्यावर दिसणारा. मी डाव्या रकान्यात लिहिलं, 'स्क्रीनशॉट, पत्ता बाहेर', आणि बैठकीची वाट न बघता ताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, 'डॉक्टरांचा फोटो लहान कर, पत्ता वर घे.' तासाभरात नाव, वार, तारीख, वेळ आणि पत्ता हे सगळं एका स्क्रीनमध्ये बसवून मी फाइल दादांकडे पाठवली.