बारा बार आणि मी

आधी शीर्षकाचा खुलासा करते, कारण मागे आईला फोनवर म्हटलं की "मी सध्या बारा बार नीट मोजायला शिकतेय" तर पलीकडे एकदम शांतता. अगं आई, हे बार ते नव्हेत, चार मात्रांचा एक बार, असे बारा बार झाले की ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकाराचं एक आवर्तन पूर्ण, मग परत पहिल्यापासून. (हे ज्ञान मला एका खऱ्याखुऱ्या बारमध्येच मिळालं हे तिला अजून सांगितलेलं नाही, आता इथे वाचेलच.)

तर शिकागो. इथे आल्यावर गिटार घेतली आणि ब्लूजच्या नादाला लागले, कारण या शहरात ते टाळणं अवघडच आहे. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातून हजारो माणसं कामासाठी इकडे आली, ब्लूजचा मोठा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये आला, आणि क्लबातल्या गोंगाटात साधी गिटार कोणाला ऐकू जाईना म्हणून तिला वीज जोडली गेली. पोटासाठी घर सोडून आलेल्यांचं संगीत हो हे, म्हणून मला उगाचच जवळचं वाटलं. मी आले लॅपटॉप घेऊन एसीत बसायला, ते आले कत्तलखान्यात आणि पोलादाच्या कारखान्यात राबायला, तेव्हा तुलना करत नाही, पण वाटलं.

दोन वर्षं रोज वाजवत होते. रोज म्हणजे अगदी रोज, तासभर. व्हिडिओ बघायचा, त्यातली सुरांची चार वाक्यं उचलायची, मागे साथीचा तयार ट्रॅक लावून जमेल तितक्या वेगात फिरवायची, आणि झोपताना खूष. मग एका मंगळवारी ओपन जॅमला नाव दिलं. तिथे वहीत नाव लिहायचं, नंबर आला की स्टेजवर जायचं, सोबतीला अनोळखी माणसं. ड्रमरकडे बघून एक गृहस्थ म्हणाले, "शफल इन ए, फ्रॉम द फाइव्ह, क्विक चेंज," आणि एक दोन तीन चार, सुरू!

मला यातलं फक्त "ए" कळलं.

ए, डी, ई हे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, आणि शफल म्हणजे झुलता ठेका. साधा हिशोब असा असतो की पहिले चार बार ए, मग दोन डी, परत दोन ए, नववा ई, दहावा डी, अकरावा ए आणि बाराव्यात परत ई, म्हणजे पुन्हा पहिल्या बारवर खेचायला. "फ्रॉम द फाइव्ह" म्हणजे एपासून पाचवा जो ई त्याच्यावरून, सुरुवातच नवव्या बारपासून, आणि "क्विक चेंज" म्हणजे दुसऱ्याच बारमध्ये डीवर उडी. मी आपली शहाण्यासारखी ए धरून बसले आणि बाकी सगळे ईवर. चार बारनंतर ते पहिल्यावर आले तेव्हा मी पाचव्यावर. पुढचे तीन बार निव्वळ योगायोगाने जुळले, मला वाटलं सापडलं, आणि लगेच ते डीवर गेले तेव्हा मी ईवर! मग सोलो, म्हणजे एकटीने पुढे होऊन वाजवायचा भाग, माझ्याकडे आला तर घाबरून पाठ केलेलं सगळं एका दमात ओतलं, मध्ये श्वास नाही की काही नाही, पार बट्ट्याबोळ.

खाली उतरल्यावर बेस वाजवणारे आजोबा शेजारी येऊन बसले. मला वाटलं धीर देतील. ते म्हणाले, "तू सोलो संपवलास तेव्हा कितवा बार होता?" मला कुठे माहीत. "पुढचे काही आठवडे फक्त कॉर्ड वाजवायला ये," म्हणाले आणि उठून गेले.

राग आला थोडा, पण गेले. घरी मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लावला, पण प्रत्येक ठोका एक आणि तीनवर धरायचा नाही, दोन आणि चारवर धरायचा, म्हणजे गाणं चालतं १२० ला आणि ठोका पडतो टाळीच्या जागी. करून बघा, पहिले दोन दिवस डोकं फिरतं, ठोका आपोआप सरकून एकवर येऊन बसतो. तबला शिकलेल्यांना हसू येईल, की हिला सम सापडायला दोन वर्षं लागली. हो लागली, कारण ट्रॅक लावला की तोच मोजतो ना आपल्यासाठी!

दुसरी गोष्ट म्हणजे रेकॉर्डिंग. फोनवर करायचं आणि लगेच ऐकायचं नाही, दुसऱ्या दिवशी ऐकायचं. लगेच ऐकलं की कानात आपल्याला काय वाजवायचं होतं तेच घुमत असतं, दुसऱ्या दिवशी मात्र परक्या माणसासारखं ऐकू येतं. मला ऐकू आलं ते असं की माझा प्रत्येक बेंड सुराच्या खाली राहतो. प्रत्येक.

बेंड म्हणजे तार ढकलून सूर वर चढवायचा, सितारवर मींड काढतात त्याच्याच नात्यातलं. मी तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर) धरते, तो डी, ढकलून ई करायचा. खरा ई त्याच तारेवर नवव्या फ्रेटवर असतो, म्हणून आधी तो वाजवायचा, गुणगुणायचा, मग सातव्यावर येऊन ढकलायचं, परत नववा वाजवून पडताळायचं. अनामिकेने एकटीने नाही हां, तर्जनी आणि मधलं बोट मागून आधाराला, अंगठा वरून गिटारच्या दांडीला अडकवलेला, आणि जोर बोटांचा नाही, मनगट किल्ली फिरवल्यासारखं फिरवायचं. वीस वेळा. एवढंच, बाकी काही नाही, आणि कंटाळा आला की बंद.

आता तासभर वाजवत नाही, वीस मिनिटं, आणि सुरू करायच्या आधी आज काय ते कागदावर एक ओळ. गिटार केसमधून काढून सोफ्याशेजारी स्टँडवर ठेवली, हा सगळ्यात आळशी आणि सगळ्यात कामाचा बदल. केस उघडायचा कंटाळा येतो म्हणून माणूस वाजवत नाही, खोटं वाटेल पण असंच आहे.

आणि जागा सोडणं. ब्लूजचा नामवंत गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाताना गिटार वाजवायचा नाही, ओळ गाऊन झाली की मग गिटार उत्तर देणार. मी त्याची नक्कल म्हणून दोन बार तोंडाने काहीतरी गुणगुणते आणि पुढच्या दोन बारमध्ये गिटारवर उत्तर देते. जे तोंडाने येत नाही ते वाजवायचं नाही असा नियम केल्यावर माझी निम्मी वाक्यं गळाली, कारण ती नुसती बोटांची सवय होती.

गेल्या मंगळवारी आजोबांनी मला एक सोलो दिला, एकच आवर्तन. चार सूर वाजवले, थांबले, परत तेच चार, आणि बाराव्या बारला वेळेवर बाहेर. त्यांनी बेसवरून मान वर करून विचारलं नाही कितवा बार, पण मी आपली ओठांनीच "बारा" म्हटलं. शेवटचा बेंड खालीच राहिला होता. आजच्या कागदावर तोच आहे.