नमुना क्रमांक 3: इलॅस्टिक कमी करता करता

ब्राचा दुसरा नमुना उसवून टाकला. तिसरा गेल्या पंधरवड्यात शिवला आणि आठ दिवस स्वतः घालून पाहिल्यावरच ही नोंद लिहायला बसले. पर्यावरणपूरक अंतर्वस्त्रे हा विषय शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी घेतला, तेव्हा सारा प्रश्न कापडाचा आहे असे मी धरून चालले होते. खरी अडचण इलॅस्टिकची निघाली.

पहिला नमुना सेंद्रिय सुती होजिअरीचा होता, पण तिच्यात पाच टक्के स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणणारा कृत्रिम धागा, निघाला. ड्यूपाँट कंपनीत 1958 साली जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केलेल्या या धाग्यामुळे अंतर्वस्त्रे अंगासरशी बसू लागली हे खरे, मात्र सुतात तो एकदा विणला गेला की कापडाचे पुनर्चक्रीकरण फार अवघड होते. बांबूचे मऊ कापड मी आधीच बाद केले होते, कारण ते बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन वापरून केलेले व्हिस्कोसच असते.

म्हणून या वेळी कच्छच्या काला कापसाचे हातमागावरचे कोरे कापड घेतले. हा देशी कापूस पावसाच्या पाण्यावर येतो. धागा आखूड असल्यामुळे कापड सुरुवातीला खरखरीत लागते, ते तीन धुण्यांनंतर अंगाला सोसवू लागले. त्याच धुण्यांत मी आखलेला 25 सेंटिमीटरचा चौकोन उभ्या धाग्यात 23.5 सेंटिमीटरवर आला, तेव्हा धुतल्याशिवाय कात्री लावू नये.

हातमागावरचे हे कापड होजिअरीसारखे ताणत नाही, त्यामुळे दोन्ही कटोऱ्या उरेब, म्हणजे उभ्या धाग्याला 45 अंशांत कापल्या. पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी 1920 च्या दशकात ज्या कापणीवर नाव कमावले, तीच ही. कापलेले तुकडे चिमट्यांनी रात्रभर दोरीवर टांगले. सकाळी कड जवळजवळ एक सेंटिमीटर खाली उतरली होती, ती छाटून मगच शिलाई घातली. उरेब कापणी कापड मात्र खाते, आणि कचरा वाचवायला निघालेल्या माणसाला कोपऱ्यांतले ते त्रिकोण फार टोचतात. त्यावरचा तोडगा आजीच्या जुन्या खणाच्या चोळीत सापडला: हूक नाही, पुढे नुसती गाठ, आणि बगलेत त्रिकोणी कळ्या, म्हणजे जोडतुकडे. माझ्या उरलेल्या त्रिकोणांच्या मी तशाच कळ्या केल्या, बाकीच्यांतून कडांसाठी उरेब पट्ट्या काढल्या आणि शेवटी उरल्या त्या चिंध्या एका मुठीत मावल्या.

आधार मुख्यतः खालच्या पट्ट्यातून मिळतो, खांद्यावरच्या पट्ट्यांतून नव्हे, हे अंतर्वस्त्रे शिवणाऱ्यांना सांगायला नको. पुढे चोळीसारखी गाठ ठेवली, तरी श्वासाबरोबर सैल होऊन पुन्हा आवळणारे काहीतरी पाठीमागे लागतेच. तिथे नैसर्गिक रबराचे 12 सेंटिमीटर इलॅस्टिक नेफ्यात ओवले आणि नेफ्याचे तोंड करवंटीच्या बटणाने बंद केले. रबर घामाने आणि तेलाने खराब होणारच, पण आता ते शिलाई न उसवता बदलता येते.

फजिती तिसऱ्या दिवशी झाली. पॉलिएस्टरचा दोरा टाळून मी सुती दोरा वापरला होता, आणि वरच्या फळीवरचा डबा काढताना बगलेतली शिवण तडतड उसवली. दोष दोऱ्याइतकाच माझा होता, कारण ताणणाऱ्या उरेब शिवणीवर सरळ टीप घातली होती. अर्धा मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर लांब झिगझॅग घातल्यापासून ती टिकून आहे.

माझ्या मापाला हे चालते. भरल्या अंगाच्या मैत्रिणीने घातले तेव्हा मात्र कटोरी खाली ओघळली आणि गाठ रुतली. चौथ्या नमुन्यात कटोरीच्या खालच्या अर्ध्या भागाला सरळ धाग्याचे अस्तर लावून आणि गाठीची टोके रुंद करून पाहणार आहे. आधी मांजरपाटावर, तेही तिच्याच मापाने.