शाळेच्या वर्कशॉपमधलं विमान

"खरं विमान? म्हणजे आत माणसं बसतात तसलं?" इथल्या मराठी मंडळींना शाळेतल्या विमानाचं सांगितलं की पहिला प्रश्न हाच. हो, तसलंच. दोन आसनांचं, शंभर अश्वशक्तीच्या रोटॅक्स इंजिनाचं, पूर्ण भारासकट 600 किलोचं. अमेरिकेत ओहायोत डेटनजवळच्या एका हायस्कूलमध्ये मुलांनी ते किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, बांधलं आणि आम्ही काही मोठी माणसं त्यांच्याभोवती उभे राहिलो. उभं राहणं हेच आमचं मुख्य काम होतं, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

किट ओरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं, आरव्ही-12 आयएस. शाळांसाठी ते सोयीचं, कारण पत्र्यांना भोकं कारखान्यातच पाडलेली असतात आणि बहुतेक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे छोटे खिळे, ओढून बसवायचे असतात. ठोकून बसवायच्या रिव्हेटला एक जण बंदूक धरतो, दुसरा मागून लोखंडी ठोकळा लावतो आणि हात बसायला महिने जातात. ओढायचा रिव्हेट पंधरा वर्षांची मुलगी पहिल्याच दिवशी नीट बसवते. पण हे सोपेपण फसवं आहे. रिव्हेट ओढायला दोन सेकंद लागतात, त्याआधीची तयारी तासन्‌तास चालते. पत्र्यावरची निळी प्लास्टिकची फिल्म सोलायची, प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक, कापताना राहिलेली बारीक धार काढून, गुळगुळीत करायचं, भाग एकमेकांवर ठेवून क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी पकडून बघायचे आणि मग कुठे रिव्हेट. मुलं "बोअर आहे" म्हणायची. आहेच बोअर. पण पत्र्याला तडा जातो तो अशाच राहिलेल्या बारीक धारेपासून.

ही गोष्ट माझ्यापेक्षा बाबांनी त्यांना चांगली पटवली. बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात शीटमेटल शॉपला होते, मिगच्या काळात. आमचं काम शनिवारी सकाळी, तेव्हा नाशिकला संध्याकाळ. एकदा व्हिडिओ कॉल लावला. आमच्या गटात एक मराठी मुलगी होती, ती दुभाषी झाली.

"आजोबा, किती घासायचं हे? आता तर गुळगुळीत दिसतंय."

"दिसतंय ते सोड बाळा. नख फिरव. नख अडलं की काम बाकी आहे."

तिने फिरवलं. अडलं. त्यानंतर सगळा वर्ग नखं फिरवत बसायचा.

मला जड गेलं ते हात मागे ठेवणं. मुलगा ड्रिल तिरकं धरतोय हे दिसत असतं आणि आपल्या बोटांना खाज सुटते. ड्रिल काढून घेतलं तर भोक सरळ पडेल, पण पुढच्या वेळी तो आपल्याकडेच बघत उभा राहील. म्हणून मी विचारायचो, "बिट कुठल्या दिशेला बघतोय?" धोक्याचं असेल तेव्हाच हात पुढे. बिघडलेला रिव्हेट ज्याचा त्यानेच काढायचा, असाही नियम होता. आधी मधली खिळी ठोकून आत ढकलायची, मग डोकं हलक्या हाताने ड्रिल करायचं. घाई केली की भोक लंबगोल होतं आणि मोठ्या मापाचा रिव्हेट शोधावा लागतो. प्रत्येक पायरीखाली तीन आद्याक्षरं लागत: बांधणाऱ्याचं, तपासणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं आणि आमचं. गंमत म्हणजे मुलं एकमेकांना आमच्यापेक्षा कडक तपासतात. जिवलग मित्राचं काम "काढ परत" म्हणून नापास करताना मी त्यांना पाहिलंय.

पेट्रोलच्या टाकीचं प्रकरण वेगळंच. या विमानात टाकी पंखांत नसते, आसनांच्या मागे असते. तिचे सांधे काळ्या, चिकट, घाण वासाच्या सीलंटने भरायचे. केसांना लागलं तर कात्रीच. टाकी झाली की बाकी तोंडं बंद करून एका तोंडाला फुगा लावायचा, आत किंचित हवा भरायची आणि वाट बघायची. दुसऱ्या दिवशी फुगा मान टाकून पडलेला. मुलांचे चेहरे बघवत नव्हते. एक जण सगळं उकरून काढायला निघाला. मग कोणाला तरी आठवलं की रात्री शाळेचं हीटिंग बंद असतं. हवा गार झाली, आकसली. दुपारपर्यंत खोली तापली आणि फुगा परत उभा. तरीही सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवून बुडबुडे येतात का ते पाहिलंच. वायूंचे नियम पुस्तकातून शिकवणाऱ्या शिक्षिकेने तो फुगा महिनाभर टेबलावर ठेवला.

कागदांबद्दल थोडं, कारण त्यात बऱ्याच शाळा अडतात. हौशी बांधकामाच्या वर्गात विमान नोंदवलं तर निम्म्याहून जास्त काम स्वतः केल्याचं दाखवावं लागतं, आणि वार्षिक तपासणीवर स्वतः सही करण्याचा परवाना तेव्हा मुख्य बांधणाऱ्यालाच मिळायचा. पण मुलं पदवीधर होऊन निघून जाणार, विमान विकलं जाणार. म्हणून आम्ही प्रायोगिक लाइट-स्पोर्ट वर्ग घेतला. त्यात विकत घेणारा सोळा तासांचा कोर्स करून आपल्या विमानाची तपासणी स्वतः करू शकतो. बदल्यात अट अशी की प्रमाणपत्र मिळेपर्यंत विमान कंपनीच्या नकाशाबरहुकूम असलं पाहिजे. एका मुलाला कप ठेवायला जागा हवी होती. "नंतर मालक लावेल," एवढंच उत्तर. चार शनिवार तो कुरकुरत होता.

इंजिन बसल्यावर वर्कशॉपची हवाच बदलली. रोटॅक्सचं तेल तपासण्याआधी इग्निशन बंद आहे याची खात्री करून पंखा हाताने फिरवत राहायचा, तेलाच्या टाकीतून डबक डबक आवाज येईपर्यंत. मग तेल मोजायची काडी बघायची. मुलं याला "ढेकर" म्हणायची आणि पाळीसाठी भांडायची. नंतर वजन: तीन चाकांखाली तीन काटे, विमान समतल, आणि मोमेंटचं, म्हणजे वजन गुणिले अंतराचं, गणित. टाकी मागे असल्यामुळे पेट्रोल संपत जाईल तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, हे एका मुलीने कागदावर मांडून आम्हालाच समजावलं.

तपासणीला एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, नेमलेला तपासनीस आला. त्याने आम्हा मोठ्यांशी जेमतेम हात मिळवला आणि बाकी सगळे प्रश्न मुलांना विचारले. हे मला फार आवडलं. पहिलं उड्डाण अनुभवी वैमानिकाने एकट्याने केलं. मुलांना आत बसायचं होतं, पण चाचणीच्या तासांत प्रवासी चालत नाही, आणि यावर एकाही पालकाशी वाद घालावा लागला नाही. उतरल्यावर वैमानिक म्हणाला, "डावा पंख किंचित जड आहे." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघं-तिघं आधी मॅन्युअल उघडून ट्रिमचं, म्हणजे विमानाचा तोल जुळवायचं, पान शोधायला लागले.

विमान विकलं गेलं आणि त्या पैशांतून पुढच्या किटची शेपटी मागवली. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न विचारला.

"तुला याचे किती देतात रे?"

"काही नाही बाबा. शनिवारी पिझ्झा असतो."

"बरं," म्हणाले, "पण त्या पोरांना सांग, तेलकट हाताने पत्र्याला हात लावायचा नाही."