काढून टाकलेली टिक

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून अण्णांचा फोन आला. "कॅमेरे मोबाईलवर दिसेनात रे. परवा फायबर बदललं तेव्हापासून." कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, मीच बसवलेला. बाहेरून आलेली हाक राऊटरने डीव्हीआरकडे वळवायची, दहा मिनिटांचं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणून भर उन्हात निघालो.

दोन तास गेले. पोर्ट बरोबर, डीव्हीआर बरोबर, कारखान्याच्या वायफायवर चित्र झकास. शेवटी राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता बघितला: १००.७२ ने सुरू होणारा. कपाळावर हात मारला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलाय. म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कंपनीने कितीतरी गिऱ्हाइकं बसवली होती.

"म्हणजे गिरणीच्या चाळीसारखं," अण्णा म्हणाले. "पत्र चाळीपर्यंत येणार, खोली नंबरच नाही."

अगदी तसंच. इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत म्हणजे आयपीव्ही४; तिचा पत्ता ३२ बिटांचा, सगळे मिळून जेमतेम ४२९ कोटी. वाटायचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच संपले.

त्याच स्क्रीनवर खाली नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६ चा पत्ता होता, कोलन-कोलन करत लांबत गेलेला, १२८ बिटांचा. खरं सांगतो, उगाच भानगड नको म्हणून प्रत्येक डीव्हीआरमध्ये त्या चौकटीतली टिक मी वर्षानुवर्षं काढत आलोय. इथेही मीच काढलेली. परत टिक केली. डीव्हीआरला स्वतःचा, जगात कुठूनही गाठता येणारा पत्ता मिळाला. खोलीला थेट रस्त्यावर दार! पण आता नॅटचा, म्हणजे एका पत्त्यामागे अनेकांना बसवण्याचा, आडोसा नाही, सगळी राखण राऊटरच्या फायरवॉलवर. म्हणून त्यात त्या डीव्हीआरपुरतं एकच पोर्ट उघडलं आणि पासवर्ड बदलला. जुना १२३४५६ होता. नावं कुणाला ठेवू, तोही माझाच.

मोबाईल डेटावर माग दिसू लागले. अण्णांनी खुशीत एक टॉवेल हातात ठेवला.

रात्री नऊला परत फोन. "घरी आलो आणि गेलं की रे!"

घरचं कनेक्शन जुनं, नुसतं आयपीव्ही४ वालं. चारची आणि सहाची थेट बोलाचाली नाही, मध्ये दुभाष्या लागतो. "वायफाय बंद करून बघा, अण्णा."

दिसलं. थोडा वेळ शांतता.

"मग घरच्या वायफायचं बिल कशाला भरतोय मी?"