टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आणि छातीतली गाठ

स्तनाग्राखाली बोराएवढी दुखरी गाठ हाताला लागली की टेस्टोस्टेरॉन घेणारे पुरुष थेट अ‍ॅनास्ट्रोझोल, म्हणजे इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, मागतात. घाई नको! आधी डोस बघा. २५० मि.ग्रॅ. तीन आठवड्यांतून एकदाच टोचलं, तर पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉन एकदम चढतं आणि चरबीतलं अ‍ॅरोमॅटेज हे एन्झाइम त्यातल्या काही भागाचं इस्ट्राडिओल, म्हणजे स्तनग्रंथी वाढवणारं इस्ट्रोजेन, करतं. तीच एकूण मात्रा डॉक्टरांकडून आठवड्या-आठवड्याला विभागून घेतली, की हा चढउतार कमी होतो. रक्तातलं इस्ट्राडिओल मास स्पेक्ट्रोमेट्री या अचूक पद्धतीने मोजून घ्या. पुरुषांतल्या कमी पातळीला साधी इम्युनोअ‍ॅसे (प्रतिपिंडांवर आधारलेली नेहमीची चाचणी) अनेकदा चुकते. गोळीने इस्ट्राडिओल फार खाली पाडलं, तर सांधे दुखतात, कामेच्छा जाते, हाडं ठिसूळ होतात. गाठ मात्र लगेच दाखवा. वर्षभर राहिली की ती तंतुमय होते, मग सहसा शस्त्रक्रियाच लागते.